खिडकीच्या उजेडात लग्नाचे फोटो: आदल्या दिवशीच उरकायची तयारी

बॅटऱ्या चार्ज, कार्डं रिकामी, लेन्स पुसलेल्या. यावर अधिक लिहीत नाही. सगळ्यात महत्त्वाचं पहिल्यांदा: ज्या खोलीत फोटो काढणार, तिथले दिवे बंद हवेत. सगळे. मागच्या लग्नात नेमकं हेच राहिलं, म्हणून ही यादी लिहायला घेतली.

भर दिवसा खिडकीतून येणारा उजेड साधारण 5500 केल्विनचा (उजेडाच्या रंगाचं माप, आकडा मोठा तितका उजेड निळसर) असतो, ढगाळ असेल तर आणखी निळसर. छतातला पिवळा दिवा 2700 ते 3000च्या घरात. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेऱ्यात ठरवायचा रंगाचा तोल, एका वेळी यातला एकच सांभाळतो. खिडकीचा धरला तर पांढऱ्या पोशाखाची आतली बाजू नारिंगी पडते, दिव्याचा धरला तर खिडकीकडची निळी. पांढरं कापड, मोती, चांदी, पत्रिकेचा कागद यांच्यावर हे लगेच दिसतं, आणि आपण तर नेमक्या याच वस्तू मांडणार असतो. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, जिचे रंग नंतर बदलता येतात) काढलं म्हणून निभावत नाही. एकेका चुणीत मिसळलेले दोन रंग सोडवताना रात्री जातात. फोटो कृष्णधवल करून टाकणं हा उपाय नाही, जोडप्याला पोशाखाचा रंग हवा असतो. शिवाय पुरवठा 50 हर्ट्‌झचा असेल तर साधे एलईडी सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात आणि इलेक्ट्रॉनिक शटरवर (फोटो ओळीओळीने टिपणाऱ्या) फोटोभर आडवे पट्टे उमटतात.

दिवे बंद करणं ऐन वेळी जमत नाही, म्हणून ते तयारीत धरायचं. खोली आधी पाहून या, आणि फोटो ज्या वेळी काढायचे त्याच वेळी पाहा. सकाळी दहाच्या कामासाठी संध्याकाळी खोली पाहण्यात अर्थ नाही. खिडकी कुठल्या दिशेला आहे ते बघा: उत्तर गोलार्धात उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन जवळपास येतच नाही, उजेड दिवसभर मऊ आणि बराचसा स्थिर राहतो, दक्षिण गोलार्धात हेच दक्षिणेच्या खिडकीला लागू. चित्रकार स्टुडिओसाठी अशीच खिडकी शोधत. ऊन थेट आत येत असेल तर पातळ पांढरा पडदा हवा. पांढराच. रंगीत पडदा, बाहेरची हिरवळ, समोरची रंगवलेली भिंत, सगळं वस्तूंवर उतरतं.

त्याच भेटीत प्रत्येक बटण दाबून बघा. कुठलं बटण कुठल्या दिव्याचं ते कागदावर लिहा. आरशाभोवतीचे बल्ब, पलंगाशेजारचा दिवा, कपाटाचं दार उघडलं की आपोआप लागणारा दिवा, अर्धवट उघड्या बाथरूममधून येणारा उजेड, टीव्हीचा पडदा. छतातला मोठा दिवा सगळ्यांना आठवतो. घात होतो तो या बारक्या दिव्यांनी.

मग माणसांशी बोला. मेकअप करणाऱ्यांना उजेड लागतो आणि तो त्यांचा हक्क आहे. त्यांना आदल्या दिवशी फोन करून खुर्ची खिडकीशी ठेवायला सुचवा. बहुतेकांना दिवसाचा उजेड आवडतोच. तरीही दिवे लागणारच असतील तर वस्तूंच्या मांडणीसाठी दुसरी खोली मागून घ्या. घरातल्या एका जबाबदार माणसाला सांगून ठेवा की अमुक इतका वेळ इथले दिवे लावायचे नाहीत. आणि बटणांवर कागदी टेप चिकटवा. आत येणाऱ्याचा हात सवयीने बटणाकडे जातो. त्याला दोष देऊन उपयोग नाही, टेप लावा.

आता वस्तू. अंगठ्या, दागिने, पत्रिका (पाकिटासह दोन प्रती, एक चुरगळतेच), बूट, घड्याळ, अत्तराची बाटली, घरातली एखादी जुनी चीज: सगळं आदल्या संध्याकाळी एका डब्यात जमा करून मागा. सकाळी वस्तू शोधण्यात चांगला उजेड निघून जातो. एखादी वस्तू कुणाची, कुणी दिली, हे विचारा. मांडणीला अर्थ त्यातून येतो, नाहीतर दुकानाची काच होते. फुलांच्या दोन-चार काड्या जास्तीच्या सांगा आणि शेवटच्या क्षणापर्यंत पाण्यात ठेवा. पोशाख टांगायला लाकडी हँगर स्वतः न्या.

अंगठी म्हणजे आरसाच. तिच्यात खोली दिसते, तुम्ही दिसता, आणि चालू राहिलेला दिवा पिवळा ठिपका होऊन बसतो. गडद, बिनरंगी कपडे घाला. बोटांचे ठसे पुसायला मऊ कापड, अंगठी उभी करायला मेणाचा बारीक कण (नंतर पुसून काढायचा, आणि मोत्याला लावायचा नाही). मॅक्रो लेन्स (अगदी जवळून टिपणारी) इतक्या जवळून एफ/2.8वर (एफचा आकडा लहान तितकं लेन्सचं छिद्र मोठं) जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटर धारदार ठेवते, तेव्हा एफ/8 ते एफ/11. उजेड कमी पडतो? पडू द्या. ट्रायपॉड न्या, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) 100 ठेवा, शटर पाव सेकंदाचं असलं तरी चालतं, वस्तू हलत नाहीत. छायाचित्रणाच्या सुरुवातीच्या काळातल्या लुई दागेरने 1837मध्ये प्लास्टरच्या मूर्तींची मांडणी टिपली, त्या काळच्या प्लेटला मिनिटं-मिनिटं लागत असताना. स्थिर वस्तूंना वेळ देता येतो. खोली अंधारी वाटली की दिवा लावायचा मोह होतो. लावू नका.

एक पांढरा पुठ्ठा, एक काळा. खिडकी एका बाजूला घ्या, पांढरा पुठ्ठा समोरच्या बाजूला धरला की सावली उजळते. काळा धरला की ती गडद होऊन वस्तूला आकार येतो. मला काळा जास्त लागतो. नवशिके सावली घालवण्याच्याच मागे असतात, आणि फोटो सपाट होतो. ग्रे कार्ड (रंग जुळवायचं करडं कार्ड) विसरू नका. पहिला फोटो त्याचा, आणि ढग आले-गेले की पुन्हा एकदा.

फोटो काढण्याच्या दिवशी: लवकर पोचा. दिवे बंद, टेप, बाथरूमचं दार लावलेलं. एक चाचणी फोटो काढून पांढऱ्या कापडाच्या दोन्ही बाजू स्क्रीनवर मोठ्या करून बघा. एक बाजू पिवळी दिसली तर कुठेतरी दिवा चालू आहे, शोधा. आधी वस्तू, मग पोशाख, मग माणसं खिडकीपाशी. पांढऱ्यातले तपशील जळत नाहीत ना, हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) बघा. कुणी आत आलं की पुन्हा दिव्यांकडे बघा.

दागिने खिशात ठेवायचे नाहीत. ज्यांच्याकडून घेतले त्यांच्याच हातात, मोजून. टेप काढा. फाइली झोपण्याआधी दोन ठिकाणी.