प्लेटोचे संवाद : कोण बोलतंय, कोणाशी?

एम.ए.च्या पहिल्या वर्षी प्लेटोवरचा माझा निबंध परत आला, तेव्हा ‘प्लेटो म्हणतो’ असं जिथे जिथे लिहिलं होतं तिथे लाल गोल होते. समासात सरांचा एकच प्रश्न : कुठे म्हणतो? रागारागानं शोधायला बसलो आणि सापडेना. या संवादांत तो स्वतः बोलतच नाही. ‘फीडो’ या संवादात सॉक्रेटिसच्या अखेरच्या दिवशी कोण कोण हजर होतं ते येतं, तिथे ‘प्लेटो बहुतेक आजारी होता’ म्हणून त्यानं स्वतःलाच खोलीबाहेर ठेवलंय.

म्हणून ‘आकारांचा सिद्धान्त’ (न्याय, सौंदर्य यांचे आकार म्हणजे वस्तूंहून वेगळी, स्वतंत्र रूपं असतात, हे मत) या मथळ्याच्या नोट्स आधी बाजूला ठेवा. ‘फीडो’तला समान काठ्यांचा उतारा वाचा (काठ्या समान दिसल्या, तरी ‘समानता’ त्यांच्याहून वेगळी), मग थेट ‘पार्मेनिडीज’ हा संवाद. तिथे सॉक्रेटिस कोवळा तरुण, त्याला प्रश्न विचारणारा तत्त्वज्ञ पार्मेनिडीज पासष्टीचा. न्यायाला, सौंदर्याला स्वतंत्र आकार आहे? आहे. माणसाला, अग्नीला? पोरगा अडखळतो. केसाला, चिखलाला? छे! म्हातारा म्हणतो, तू अजून लहान आहेस, लोकांची भीड बाळगतोस.

आकारासाठी प्लेटोचा शब्द ‘आयडिया’; त्याचं भाषांतर ‘कल्पना’ करू नका. मूळ ग्रीक शब्द ‘पाहणे’ या धातूचा. आकार म्हणजे मनातला विचार असेल, हा पर्याय सॉक्रेटिस इथेच सुचवतो. विचार कशाचा तरी असावा लागतो ना, म्हणून पार्मेनिडीज त्याला अडवतो.

पार्मेनिडीजचा आणखी एक आक्षेप : मोठ्या वस्तूंवरून एक ‘मोठेपण’ मानलं, तर वस्तू आणि मोठेपण मिळून आणखी एक मोठेपण लागेल, मग आणखी एक. न्यायदर्शन हे भारतीय तर्कशास्त्र वाचलेल्याला ही अनवस्था, म्हणजे कधीच न संपणारी साखळी, लगेच ओळखू येते. पण त्या खुशीत मी आकाराला ‘गोत्व’सारखं (सगळ्या गायींत असणारं गायपण) ‘सामान्य’, म्हणजे अनेकांत असणारा एकच धर्म, ठरवून टाकलं आणि फसलो. गोत्व गायीतच समवायानं, म्हणजे न तुटणाऱ्या संबंधानं, राहतं. इथे सगळी अडचण आकार वेगळा मानल्यानं येते.

दुसऱ्या निबंधात शहाणपणानं लिहिलं, ‘पार्मेनिडीज म्हणतो’. सरांनी विचारलं, ‘कोणाला?’ पुढे वाचलं. एवढं खोडून झाल्यावर पार्मेनिडीजच सॉक्रेटिसला म्हणतो, आकार मानलेच नाहीत तर विचाराला टेकायला जागा उरणार नाही. तुला सराव कमी पडतोय.

उतारा देताना पान नको, समासातला आकडा आणि अक्षर द्या. ते स्तेफानुस या मुद्रकाच्या १५७८च्या प्लेटो-आवृत्तीतले, बहुतेक भाषांतरांत सापडतात. ‘पार्मेनिडीज’चा उरलेला अर्ध्याहून जास्त भाग म्हणजे तो सरावच. पहिल्या वाचनात सोडलात तरी चालेल, मीही सोडला होता.