बातमी वाचताना ‘व्हायरस सापडला’ असं आलं तर

ठाण्याहून लोकलमध्ये नेहमीच्या साइटवर बातमी वाचताय आणि अचानक स्क्रीनभर ‘तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे’ असं आलं, तर घाबरू नका. वेबपेज तुमचा फोन तपासूच शकत नाही. साइट खरीच असते, पण जाहिराती बाहेरच्या नेटवर्कवरून येतात आणि भामटे तिथूनच घुसतात. मार्च २०१६ मध्ये बीबीसी, न्यूयॉर्क टाइम्सच्या साइटवरही अशा घातक जाहिराती पोचल्या होत्या.

त्यातली फुलीसुद्धा दाबू नका, तीही बनावट असू शकते. सरळ टॅब बंद करा. मग ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशनची परवानगी कुणाकुणाला आहे ते बघून अनोळखी साइट काढून टाका. घरातल्या आजी-आजोबांच्या फोनवर तर हे आवर्जून करा, तिथे हमखास काहीतरी सापडतं. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.