एसक्यूएल क्वेरीमध्ये अटी अचूक कशा लिहाव्यात

एसक्यूएलमध्ये (डेटाबेसला माहिती विचारण्याच्या भाषेत) अट चुकली तरी क्वेरी, म्हणजे विचारलेला प्रश्न, सहसा अडत नाही. ती चालते, ओळी परत देते, आणि त्या ओळी इतक्या पटण्याजोग्या दिसतात की अहवाल तसाच पुढे जातो व चूक कित्येक दिवस कुणाच्या ध्यानात येत नाही. अशा चुकांपैकी बऱ्याचशा एकाच कारणाने होतात: लिहिणारा अटीची दोनच उत्तरे गृहीत धरतो आणि डेटाबेस तीन धरून चालतो: खरे, खोटे आणि अज्ञात. म्हणून पुढील पायऱ्यांवर एक प्रश्न सतत हाताशी ठेवावा, की या अटीचे उत्तर ‘अज्ञात’ आले तर ती ओळ कुठे जाईल?

उदाहरणांसाठी ‘निकाल’ नावाचे एक टेबल घेऊ. त्यात विद्यार्थी_क्रमांक, विषय, गुण आणि एकूण_गुण असे कॉलम आहेत आणि गैरहजर विद्यार्थ्याच्या गुणांच्या जागी नल आहे. येथील आज्ञा वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत लिहिल्या आहेत. प्रत्यक्ष टाइप करताना कीवर्ड अर्थातच रोमन लिपीत लिहावे लागतात.

पायरी १ : तिसऱ्या उत्तराची जागा आधी ठरवा

नल म्हणजे शून्य नव्हे आणि रिकामे अक्षरही नव्हे. तेथे मूल्यच नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्यामुळे नलशी केलेल्या कोणत्याही साध्या तुलनेचे उत्तर अज्ञात येते, अगदी ‘नल = नल’ याचेसुद्धा. ‘गुण = नल’ असे लिहिल्यास एकही ओळ मिळत नाही; तेथे ‘गुण इज नल’ असेच लिहावे लागते. अज्ञात उत्तर पुढच्या अटींतही झिरपते: खोटे अँड अज्ञात म्हणजे खोटे, खरे ऑर अज्ञात म्हणजे खरे, पण नॉट अज्ञात म्हणजे पुन्हा अज्ञातच.

व्हेअर, म्हणजे क्वेरीतील ओळी गाळणारा भाग, फक्त खरे उत्तर आलेल्या ओळी पुढे सोडतो; खोटे आणि अज्ञात दोन्ही त्याच्या लेखी सारखेच. त्यामुळे ‘गुण >= ४०’ असणारे आणि ‘नॉट (गुण >= ४०)’ असणारे यांची बेरीज एकूण ओळींइतकी होईलच असे नाही, कारण गैरहजर विद्यार्थी दोन्ही याद्यांतून गळतात. नवी अट लिहिली की अट खरी, अट खोटी आणि कॉलम नल अशा तीन मोजण्या वेगवेगळ्या चालवून त्यांची बेरीज एकूण ओळींशी ताडून पाहावी. टेबलवर लावलेल्या चेक बंधनाचा (नवी नोंद तपासणाऱ्या अटीचा) नियम मात्र याच्या उलट आहे. ते फक्त खोट्याला अडवते आणि अज्ञाताला आत येऊ देते. ‘गुण >= ०’ असा चेक लावला तरी नल बिनदिक्कत आत शिरतो; तो नको असेल तर कॉलमवर नॉट नल वेगळे लावावे लागते.

ओरॅकल हा डेटाबेस वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी: तेथे रिकामी अक्षरमालाही नलच मानली जाते, त्यामुळे ‘शेरा <> ''’ ही ‘शेरा रिकामा नाही’ सांगणारी अट कधीच खरी ठरत नाही.

पायरी २ : केस लिहिताना फांद्यांचा क्रम आणि एल्स तपासा

केस, म्हणजे अटीनुसार मूल्य निवडणारे वाक्य, १९९२ च्या एसक्यूएल मानकात आले आणि आज जवळजवळ सर्वच डेटाबेसमध्ये ते सारखेच चालते. एखाद्या डेटाबेसमधील इफ किंवा डीकोडसारख्या खास फंक्शनपेक्षा तेच वापरणे बरे. श्रेणी देणारी ही क्वेरी पाहा.

केस
  व्हेन गुण >= ७५ देन 'विशेष'
  व्हेन गुण >= ४० देन 'उत्तीर्ण'
  एल्स 'अनुत्तीर्ण'
एंड

वाचायला ती निर्दोष वाटते, पण गैरहजर विद्यार्थी तिच्यात अनुत्तीर्ण ठरतो. त्याच्या बाबतीत पहिल्या दोन्ही अटींचे उत्तर अज्ञात येते, केस त्या ओलांडून पुढे जातो आणि एल्स जे उरले ते सरसकट गोळा करतो. उपाय सोपा आहे: ‘व्हेन गुण इज नल देन 'गैरहजर'’ ही फांदी सर्वांत वर ठेवावी. एल्स लिहिण्यापूर्वी त्यात नेमके कोण कोण येऊन पडणार, हे मोजून पाहिल्याशिवाय तो लिहूच नये, असे माझे मत आहे.

केस वरून खाली वाचतो आणि पहिल्या खऱ्या फांदीवर थांबतो. म्हणून ४० ची फांदी ७५ च्या वर गेली तर ‘विशेष’ कुणालाच मिळत नाही, आणि डेटाबेस त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. ‘केस गुण व्हेन नल देन …’ हा आखूड प्रकारही फसवा आहे, कारण तो आतून बरोबरीच्या चिन्हाने तुलना करतो. तेथे नलची फांदी कधीच जुळत नाही. नल येण्याची शक्यता असेल तेथे प्रत्येक व्हेननंतर पूर्ण अट लिहिण्याचा प्रकारच वापरावा.

सर्व फांद्यांचा प्रकारही एकच असावा. एका फांदीत गुण हा अंक आणि दुसरीत 'गैरहजर' हा मजकूर आला तर पोस्टग्रेस हा डेटाबेस क्वेरी चालवण्याआधीच नकार देतो. मायएसक्यूएल सगळ्याचा मजकूर करून टाकतो, आणि मग क्रमवारी लावताना १०० हे ४५ च्या आधी येते. एसक्यूएल सर्व्हर मजकुराचाच अंक करायला जातो आणि पहिला गैरहजर विद्यार्थी समोर येईपर्यंत क्वेरी सुरळीत चालते. चाचणीत गैरहजर कुणीच नसेल, तर ही चूक थेट निकालाच्या दिवशी उघड होते.

पायरी ३ : अपडेटमधील केस सर्वांत जपून लिहा

सिलेक्टमध्ये एल्स राहून गेला तर अहवाल चुकतो; अपडेटमध्ये राहून गेला तर विदा नष्ट होते. गणिताच्या सर्व विद्यार्थ्यांना ५ वाढीव गुण द्यायचे आहेत, असे समजा.

अपडेट निकाल
सेट गुण = केस व्हेन विषय = 'गणित' देन गुण + ५ एंड

येथे व्हेअर नाही, म्हणून टेबलमधील प्रत्येक ओळ बदलली जाते. एल्स नाही, म्हणून न जुळलेल्या केसचे मूल्य नल येते. परिणामी गणिताला ५ गुण मिळतात आणि बाकी सर्व विषयांचे गुण पुसले जातात. ‘एल्स गुण’ लिहिल्याने हे टळते, पण एकच गट बदलायचा असताना ‘व्हेअर विषय = 'गणित'’ हेच योग्य. केस तेव्हा वापरावा, जेव्हा एकाच फेरीत वेगवेगळ्या गटांना वेगवेगळी मूल्ये द्यायची असतात. दोन्ही प्रकारांत आधी ट्रान्झॅक्शन (मागे घेता येणारा बदलांचा संच) सुरू करावे, किती ओळी बदलल्या तो आकडा अपेक्षेशी जुळवावा आणि मगच कमिट करावे, म्हणजे बदल कायम करावेत. मायएसक्यूएलच्या बाबतीत आधी ऑटोकमिट (प्रत्येक बदल आपोआप कायम करण्याची सोय) चालू आहे का, हेही पाहावे.

पायरी ४ : अँड आणि ऑर एकत्र आले की कंस द्या

अँड हा ऑरच्या आधी सोडवला जातो. ‘विषय = 'गणित' ऑर विषय = 'विज्ञान' अँड गुण >= ७५’ या अटीत ७५ ची मर्यादा फक्त विज्ञानाला लागते आणि गणिताचे सगळेच विद्यार्थी यादीत येतात. कंस द्यावा, किंवा ‘विषय इन ('गणित', 'विज्ञान')’ असे लिहून ऑर टाळावाच.

पायरी ५ : सबक्वेरीसोबत नॉट इन टाळा

‘विद्यार्थी’ या टेबलमधून, ज्यांनी फेरपरीक्षेचा अर्ज केला नाही, असे विद्यार्थी सबक्वेरीने (क्वेरीच्या आतल्या क्वेरीने) शोधायचे आहेत; अर्ज ‘फेरपरीक्षा’ या टेबलमध्ये आहेत. मनात प्रथम येते ते हे:

व्हेअर क्रमांक नॉट इन (सिलेक्ट विद्यार्थी_क्रमांक फ्रॉम फेरपरीक्षा)

फेरपरीक्षा टेबलमध्ये एका जरी अर्जावर विद्यार्थी_क्रमांक भरायचा राहिला असेल, तर ही क्वेरी शून्य ओळी देते. सबक्वेरीतून ३, ५ आणि नल आले असे धरू. नॉट इनचा अर्थ होतो ‘क्रमांक <> ३ अँड क्रमांक <> ५ अँड क्रमांक <> नल’. शेवटचा तुकडा नेहमीच अज्ञात असतो, म्हणून संपूर्ण अट एक तर खोटी ठरते किंवा अज्ञात. खरी ठरण्याची तिला वाटच उरत नाही. यातली खरी अडचण अशी की ‘एकही विद्यार्थी सापडला नाही’ हे उत्तर चुकीचे वाटत नाही. सर्वांनीच अर्ज केले असतील, असे समजून वाचणारा पुढे जातो. त्याऐवजी असे लिहावे:

व्हेअर नॉट एक्झिस्ट्स (सिलेक्ट १ फ्रॉम फेरपरीक्षा व्हेअर फेरपरीक्षा.विद्यार्थी_क्रमांक = विद्यार्थी.क्रमांक)

एक्झिस्ट्स फक्त जुळणारी ओळ आहे की नाही एवढेच पाहतो, त्यामुळे नल असलेला अर्ज कुणाशीच जुळत नाही आणि बाकीच्यांच्या उत्तरावर त्याचा परिणाम होत नाही. सबक्वेरीत ‘इज नॉट नल’ जोडूनही काम भागते, परंतु ते दरवेळी आठवणीने जोडावे लागते.

पायरी ६ : लेफ्ट जॉइनमध्ये अट ऑनमध्ये की व्हेअरमध्ये, हे ठरवा

सर्व विद्यार्थी आणि त्यांचे गणिताचे गुण, असतील तर, अशी यादी हवी आहे. लेफ्ट जॉइन (डाव्या टेबलातील सर्व ओळी राखून दोन टेबले जोडणे) करून शेवटी ‘व्हेअर निकाल.विषय = 'गणित'’ लिहिले, तर ज्यांच्या निकालाची ओळच नाही त्यांच्या विषयाच्या जागी नल येतो, अट अज्ञात ठरते आणि ते विद्यार्थी यादीतून जातात. लेफ्ट जॉइन लिहिला, पण उत्तर साध्या जॉइनचेच आले. उजव्या टेबलावरची अशी अट ऑनमध्ये, म्हणजे जोडणीच्या अटीत, ठेवावी. उलट, डाव्या टेबलावरची गाळणी ऑनमध्ये टाकली तर ती एकही विद्यार्थी गाळत नाही, फक्त त्याच्या शेजारचे रकाने रिकामे करते. तिची जागा व्हेअरमध्येच. ज्यांचा निकालच नाही तेच हवे असतील, तेव्हा ‘निकाल.विद्यार्थी_क्रमांक इज नल’ ही अटही व्हेअरमध्येच राहते.

पायरी ७ : अटीने मोजताना काउंट आणि सम यांत गल्लत करू नका

‘काउंट(केस व्हेन गुण >= ४० देन १ एल्स ० एंड)’ उत्तीर्णांची नव्हे, सगळ्यांचीच संख्या सांगते, कारण काउंट नल नसलेले प्रत्येक मूल्य मोजतो आणि ० हे मूल्यच आहे. एक तर एल्स काढावा, नाही तर काउंटच्या जागी सम (बेरीज) घ्यावा. मात्र एकही ओळ नसताना सम शून्य न देता नल देतो. पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइटमध्ये ‘काउंट(*) फिल्टर (व्हेअर गुण >= ४०)’ असे लिहिता येते आणि ते वाचायलाही सुटसुटीत आहे.

सरासरीचा निर्णय तांत्रिक नसून नियमाचा आहे. गुण ८०, ६० आणि नल असतील तर एव्हीजी ७० देतो. नलला कोअलेसने ० केले तर तीच सरासरी ४६.६७ होते. गैरहजर म्हणजे शून्य का, हे निकालाचे नियम ठरवणाऱ्याला विचारावे आणि मगच कोअलेस लावावा.

पायरी ८ : भागाकाराला अटीचे संरक्षण द्या

‘व्हेअर एकूण_गुण > ० अँड गुण / एकूण_गुण >= ०.४’ असे लिहिले म्हणजे पहिली अट आधी तपासली जाईल, याची खात्री एसक्यूएल देत नाही. क्रम डेटाबेस आपल्या सोयीने ठरवतो. भाजकाला ‘नलइफ(एकूण_गुण, ०)’ असे वेष्टन द्यावे, म्हणजे शून्याच्या जागी नल येऊन भागाकार अज्ञात होतो आणि क्वेरी कोसळत नाही. केसचे संरक्षण बहुतेक वेळा पुरते, पण त्याच्या आत सम किंवा एव्हीजी असेल तर नाही: पोस्टग्रेस ही फंक्शने केसच्या अटीआधीच मोजून ठेवतो. शिवाय दोन्ही कॉलम पूर्णांक असतील तर पोस्टग्रेस, एसक्यूएल सर्व्हर आणि एसक्यूलाइटमध्ये ४५ / ६० चे उत्तर ० येते आणि उत्तीर्ण विद्यार्थी अटीत नापास होतो. आधी १.० ने गुणावे.

पायरी ९ : कॉलम मोकळा ठेवा आणि सीमेवर चाचणी घ्या

व्हेअरमध्ये कॉलमवर फंक्शन किंवा केस चढवला की त्या कॉलमचा साधा इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) सहसा वापरता येत नाही. तारखेतून वर्ष काढून २०२४ शी तुलना करण्यापेक्षा ‘तारीख >= '२०२४-०१-०१' अँड तारीख < '२०२५-०१-०१'’ असे लिहावे. बिटवीन दोन्ही टोके धरतो, त्यामुळे वेळेसह साठवलेल्या तारखांना तो सोयीचा नाही. ‘३१ डिसेंबरपर्यंत’ म्हणताना त्या दिवसाच्या मध्यरात्रीनंतरच्या सगळ्या नोंदी सुटतात.

चाचणीसाठी मोठे टेबल लागत नाही. गुणांच्या कॉलममध्ये ०, ३९, ४०, ७४, ७५, १०० आणि नल अशा सात ओळी, एक विद्यार्थी ज्याची निकालात नोंदच नाही, आणि फेरपरीक्षेचा एक बिनक्रमांकाचा अर्ज, एवढे भरावे. क्वेरी चालवण्याआधी प्रत्येक ओळीचे अपेक्षित उत्तर शेजारी लिहून ठेवावे, कारण उत्तर पडद्यावर आल्यानंतर तेच बरोबर वाटू लागते.