न्यूयॉर्कमधल्या घटस्फोटाचे कागद हवेत? फॅमिली कोर्टात जाऊ नका

पुनर्विवाहासाठी किंवा भारतातल्या कामासाठी घटस्फोटाच्या निकालाची प्रत लागली की न्यूयॉर्कमधली आपली माणसं आधी फॅमिली कोर्ट गाठतात. हेलपाटाच पडतो. तिथे मुलांचा ताबा, पोटगी असली प्रकरणं चालतात. घटस्फोट देतं राज्याचं सुप्रीम कोर्ट.

१. दावा ज्या काउंटीत दाखल झाला, तिथल्या काउंटी क्लार्कच्या ऑफिसात जा. राहता कुठे, हे महत्त्वाचं नाही.
२. वकिलाच्या जुन्या कागदांच्या पहिल्या पानावर 'इंडेक्स नंबर', म्हणजे दाव्याचा कोर्टातला क्रमांक, असतो. तो आधी शोधून ठेवा, निम्मं काम तिथेच होतं.
३. फोटो ओळखपत्र दाखवून सही-शिक्क्याची 'सर्टिफाइड कॉपी' मागा, साधी झेरॉक्स नको.

ही फाइल १०० वर्षं बंद असते, पक्षकार किंवा त्यांच्या वकिलालाच मिळते. भावाला पाठवणार असाल तर नोटरी केलेलं संमतिपत्र सोबत द्याच.