बी पेशी जागी होताना पाहायची असेल तर

बी पेशीच्या (अँटीबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशीच्या) रिसेप्टरला प्रतिजन (तिने ओळखायचा परका रेणू) चिकटला की पेशी सक्रिय होते, ही ओळ मला एमएस्सीला तोंडपाठ होती. तिचा अर्थ उमगला तो पुढे पुण्यातल्या लॅबमध्ये, फ्लो सायटोमीटरच्या (एकेका पेशीची चमक मोजणाऱ्या यंत्राच्या) पडद्यावर कॅल्शियमची रेघ झपकन वर चढताना पाहिली तेव्हा. लॅबमध्ये नव्याने येणाऱ्या प्रत्येकाने हा प्रयोग एकदा तरी स्वतःच्या हाताने करावा असं मला मनापासून वाटतं, म्हणून माझी पद्धत लिहून ठेवतेय.

उंदराची प्लीहा ७० मायक्रॉनच्या जाळीवर हलक्या हाताने घासून पेशी सुट्या करा. तांबड्या पेशी अमोनियम क्लोराइडने फोडून टाका. मग फ्लुओ-४ एएम (कॅल्शियम मिळालं की हिरवा चमकणारा रंग), १ ते २ मायक्रोमोलर, ३७ अंशांवर, अंधारात अर्धा तास. धुऊन पेशींना आणखी वीस मिनिटं निवांत ठेवा. बी पेशी ओळखायला त्यांच्या पृष्ठभागावरची बी२२० ही खूण वापरा, तीही एपीसी या लाल रंगात, कारण हिरवा रंग फ्लुओ-४ने अडवलेला असतो. खूण म्हणून आयजीएमला मात्र हात लावू नका, कारण बी पेशीचा रिसेप्टर तोच. ज्याला नंतर ओढायचं त्यालाच आधी धरलं, तर पेशी रंगवतानाच उठून बसते. शेवटच्या द्रावणात १ मिलिमोलर कॅल्शियम हवं. धुण्याच्या बफरमधला ईडीटीए मागे राहिला तर तो सगळं कॅल्शियम गिळून टाकतो.

ट्यूब लावा आणि पहिलं एक मिनिट काहीही न घालता नुसतं नोंदवा. रेघ सपाट हवी. ट्यूब काढा, आयजीएमविरोधी अँटीबॉडी १० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर घाला, हलवा, परत लावा. हे दहा सेकंदांत जमायला हवं, म्हणून आधी पाण्याच्या ट्यूबवर सराव करा. पाच मिनिटं नोंदवा, आणि सगळ्यात शेवटी रिसेप्टरला वगळून थेट कॅल्शियम आत सोडणारं आयोनोमायसिन. त्यानेही रेघ वर गेली नाही तर दोष रंगाचा आहे, पेशींचा नाही.

रेघ चढत असताना आत काय चाललंय ते डोळ्यांसमोर आणा. पृष्ठभागावरच्या आयजीएमची पेशीच्या आतली शेपटी अवघ्या तीन अमिनो आम्लांची. तिला आत निरोप देता येत नाही. निरोप देतात तिच्या शेजारचे आयजी-अल्फा आणि आयजी-बीटा. अँटीबॉडीच्या दोन हातांनी रिसेप्टर एकमेकांजवळ खेचले की लिन हे एन्झाइम त्यांच्या शेपट्यांतल्या टायरोसिनवर फॉस्फेट बसवतं. तिथे सिक हे दुसरं एन्झाइम येऊन बसतं आणि मग ब्लिंक, बीटीके, पीएलसी-गॅमा-२ अशी साखळी हलते. आयपी३ हा निरोप्या रेणू तयार होऊन कॅल्शियमच्या आतल्या साठ्याचं दार उघडतं, आणि तो साठा रिता होऊ लागला की बाहेरचं कॅल्शियमही आत घुसतं. खेचणं किती महत्त्वाचं आहे ते पाहायला दुसऱ्या ट्यूबमध्ये एकाच हाताचा फॅब तुकडा घाला. तो रिसेप्टरला चिकटतो, पण रेघ हलत नाही.

आता माझ्याकडून झालेली चूक. मी सशाची अख्खी अँटीबॉडी वापरली. रेघ चढली आणि बघता बघता खाली बसली. दोन दिवस मी रंगाला दोष देत राहिले. शेवटी आमच्या सीनियर ताईंनी बाटली हातात घेतली, लेबल वाचलं आणि विचारलं, "अगं, हिची शेपटी कुठे जाऊन बसतेय?" अख्ख्या अँटीबॉडीचा एफसी भाग, म्हणजे तिची शेपटी, त्याच पेशीवरच्या एफसी-गॅमा-आर-२बी रिसेप्टरला धरतो. तिथे शिप हे एन्झाइम येतं, पेशीच्या पटलातला पीआयपी३ हा लिपिड मोडतं, आणि बीटीकेला टेकायला जागाच उरत नाही. आतला साठा सुटतो, पण बाहेरून येणारं कॅल्शियम थांबतं. शरीरात हा ब्रेक गरजेचाच आहे: अँटीबॉडी पुरेशा झाल्या की पेशीला तसं कळायला हवं. प्रयोगात मात्र शेपटी कापलेले, दोन हातांचे एफ-एबी-२ तुकडेच घ्या.

ब्रेकसारखा जोरही आहे. प्रतिजनाला कॉम्प्लिमेंटचा (रक्तातल्या संरक्षक प्रथिनांचा) सी३डी तुकडा जोडलेला असेल तर बी पेशीवरचा सीडी२१ तो पकडतो आणि सीडी१९ मदतीला येतो. १९९६ साली लायसोझाइम या प्रतिजनाला सी३डीच्या तीन प्रती जोडून उंदरांना दिल्या, तेव्हा प्रतिसाद जागवण्याची त्याची ताकद १०,००० पट वाढली.

काही पेशी रात्रभर इन्क्युबेटरमध्ये ठेवा आणि सकाळी सीडी६९ (पेशी सक्रिय झाल्याची पृष्ठभागावरची खूण) बघा. अँटीबॉडी न घातलेली ट्यूब शेजारी हवीच. प्लीहेतून काढताना झालेल्या ओढाताणीनेही थोडं सीडी६९ वर येऊ शकतं.