ख्रिस्टॉफेल फंक्शनने आउटलायर शोधताय? या चुका टाळा

ख्रिस्टॉफेल आणि दार्बू ही एकोणिसाव्या शतकातल्या गणितज्ञांची नावं. त्यांचा बहुपदी कर्नल (बहुपदींवरून बनलेलं सूत्र) डेटाच्या कामाला, म्हणजे आउटलायर (गर्दीत न बसणाऱ्या नोंदी) शोधायला जुंपला तो अलीकडे, लासेर, पॉवेल्स, पुतिनार या मंडळींनी. कृती सोपी दिसते. प्रत्येक नोंदीपासून ठरावीक घातापर्यंतची सगळी एकपदं (1, x, x², xy अशी पदं) काढायची, त्यांच्या गुणाकारांच्या सरासरीची मोमेंट मॅट्रिक्स करायची, तिच्या व्यस्ताला दोन्ही बाजूंनी त्या नोंदीच्या सदिशाने गुणायचं. आलेला आकडा हा स्कोर; 1 भागिले स्कोर म्हणजे ख्रिस्टॉफेल फंक्शन. स्कोर मोठा, तर नोंद गर्दीपासून लांब. पायथनमध्ये चार ओळी होतात, आणि त्या चार ओळी चालल्या की लोकांना वाटतं काम झालं.

सगळ्यात जास्त वेळा पाहिलेली चूक: एकपदं न मोजता घात चढवणं. दहा सेन्सर आणि घात 4 घेतला तर एकपदं होतात 1001. वीस सेन्सर घेतले की 10,626. हे गणित करायला अर्धा मिनिट लागतो, पण तो अर्धा मिनिट कोणी देत नाही.

एक हुशार पोरगा पंपांचा डेटा घेऊन आला होता. दहा सेन्सर, घात 4, नोंदी हजाराच्या आत.

"सर, डेटा एकदम क्लीन आहे. एकही आउटलायर नाही."

"स्कोर दाखव."

सगळ्या नोंदींना एकच स्कोर, अगदी दशांशांपर्यंत.

"आणि नोंदी किती आहेत रे?"

त्याने मोजल्या. स्कोर होता तोच आकडा! त्यातला एक पंप गळत होता, हे देखभालवाल्यांना आधीपासून ठाऊक होतं.

झालं असं, की एकपदांपेक्षा नोंदी कमी असल्या तर मॅट्रिक्सला व्यस्तच नसतो. प्रोग्रॅमने तशी एरर दिली होती. पोराने नेटवर शोधून व्यस्ताच्या जागी स्यूडो-इन्व्हर्स (खरा व्यस्त नसला तरी निघणारा पर्यायी व्यस्त) टाकला आणि एरर गेली. मॅट्रिक्स खरं बोलत होती, याने तिचं तोंड दाबलं. ज्या नोंदींवरून मॅट्रिक्स बनली त्यांचा स्कोर म्हणजे रिग्रेशनमधला लेव्हरेज (नोंद स्वतःच्या अंदाजाला किती ओढते ते माप) गुणिले नोंदींची संख्या. लेव्हरेज 1 च्या वर जात नाही. इतकी एकपदं हाताशी असली की प्रत्येक नोंद स्वतःला तंतोतंत बसवून घेते, सगळ्यांचा लेव्हरेज 1 होतो आणि वेगळं कोणीच उरत नाही.

मी घात 1 पासून सुरू करतो. तिथे स्कोर म्हणजे 1 अधिक महालनोबिस अंतराचा (डेटाचा पसारा धरून मोजलेल्या, सरासरीपासूनच्या अंतराचा) वर्ग; प्रशांतचंद्र महालनोबिसांनी 1936 मध्ये मांडलं तेच अंतर. तेवढ्यावर भागलं तर मी पुढे जात नाही. नाही भागलं तर 2, मग 3. एकपदांच्या निदान दहापट नोंदी असल्याशिवाय घात वाढवत नाही. या दहापटीमागे प्रमेय वगैरे काही नाही, माझी सवय आहे. शेवटी त्याच नोंदींवर स्कोरची सरासरी काढतो. ती एकपदांच्या संख्येइतकीच यायला हवी. त्या पोराने एवढं पाहिलं असतं तर 1001 च्या जागी भलताच आकडा दिसला असता.

दुसरी चूक कच्च्या घातांची: दाब पास्कलमध्ये, तापमान सेल्सिअसमध्ये आणि त्यांचे थेट चौथे घात. "एककं बदलली तरी स्कोर बदलत नाही ना?" असा वाद घालणारे भेटतात. कागदावर बरोबर आहे, पण संगणकाकडे साधारण 16 अंक असतात. 0 ते 1 या अंतरावर समान पसरलेल्या एकाच चलाची मोमेंट मॅट्रिक्स म्हणजे कुप्रसिद्ध हिल्बर्ट मॅट्रिक्स. ती 10 बाय 10 झाली की तिचा कंडिशन नंबर (आकडेमोडीतली चूक किती पट फुगू शकते ते माप) 10 च्या 13व्या घातात जातो, म्हणजे सोळातले तेरा अंक पाण्यात. प्रत्येक कॉलम –1 ते 1 मध्ये आणा, कच्च्या घातांऐवजी चेबिशेव्ह किंवा लेजांद्र बहुपदी वापरा. मी तर मोमेंट मॅट्रिक्स बनवतच नाही. नोंदींच्या मूळ मॅट्रिक्सचं (एका ओळीत एका नोंदीची बहुपदी मूल्यं) क्यूआर विघटन करतो, म्हणजे तिचे एक लंब आणि एक त्रिकोणी असे दोन तुकडे; तिचा कंडिशन नंबर मोमेंट मॅट्रिक्सच्या कंडिशन नंबरच्या वर्गमुळाइतकाच असतो.

बाकीच्या चुका थोडक्यात.

हो-नाहीचे कॉलम टाकू नका. 0 आणि 1 चा वर्ग तोच राहतो, त्यामुळे घात 2 पासूनच मॅट्रिक्स सिंग्युलर, म्हणजे व्यस्त नसलेली होते.

व्यस्त निघावा म्हणून मॅट्रिक्सच्या कर्णावर "थोडंसं काहीतरी" मिळवायची घाई नको. लेजांद्र बहुपदी प्रमाणित करून घेतल्या असतील तर त्या मिळवण्याला अर्थ असतो: चौकटभर एकसारखा पसरलेला थोडा डेटा मिसळल्यासारखं होतं. कच्च्या घातांवर ती निव्वळ रंगरंगोटी.

सपोर्ट व्हेक्टर मशीन या वर्गीकरणाच्या पद्धतीतला पॉलिनोमियल कर्नल वेगळा. तो डेटा न पाहताच ठरलेला असतो.

हीच मोमेंट मॅट्रिक्स ऑप्टिमायझेशनसाठी वापरणाऱ्यांची घाई तर विचारू नका. लासेर हायरार्कीत (घात वाढवत सोडवायच्या सोप्या प्रश्नांच्या मालिकेत) किमान मूल्य शोधताना सॉल्व्हर, म्हणजे ते प्रश्न सोडवणारा प्रोग्रॅम, देतो ती खालची मर्यादा असते, आणि लोक तीच उत्तर म्हणून अहवालात टाकतात. मॅट्रिक्सची रँक (स्वतंत्र ओळींची संख्या) घातागणिक स्थिरावली का ते पाहा. उमेदवार बिंदू काढा, मूळ फलनात घाला, अटी पाळतो का तपासा. फलनाची किंमत आणि मर्यादा जुळली तरच तो किमान बिंदू. आणि चलांना सीमा घातली नसेल तर आधी एका गोलात कोंडा; पुतिनारच्या 1993 च्या प्रमेयाला तशी अट लागते, आणि हायरार्की उत्तराकडे सरकते याची हमी त्या प्रमेयातूनच येते.