नव्या मोसमाआधी बेसबॉल संघ जोखताय? या चुका टाळा

फेब्रुवारीच्या मध्यावर अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमधले पिचर (चेंडू टाकणारे) आणि कॅचर (बॅटरमागे चेंडू झेलणारे) स्प्रिंग ट्रेनिंगच्या सरावासाठी फ्लोरिडा-ॲरिझोनात पोचले की दरवर्षी तोच खेळ सुरू होतो. कागदावर पाच स्टार्टर (आळीपाळीने सामना सुरू करणारे पिचर, म्हणजेच रोटेशन), नऊ बॅटरांची लाइनअप, शेवटी एक क्लोजर (सामना संपवणारा पिचर), आणि खाली ठळक अक्षरांत निकाल: ‘यंदा 95 विजय पक्के.’ पंधरा नावांच्या जोरावर 162 सामन्यांचं भविष्य! मेजर लीगचा चमू 26 जणांचा असतो आणि त्यामागे 40 जणांचं रोस्टर, म्हणजे खेळाडूंची मोठी यादी असते. ती उरलेली नावं कोणाची, ट्रिपल-एमध्ये (मेजर लीगच्या लगेच खालच्या मायनर लीगमध्ये) कोण तयार आहे, याची साधी चौकशीही नसते. संघ बुडतात ते बहुतेक वेळा याच न वाचलेल्या नावांपाशी.

पाच नावं लिहिली म्हणजे रोटेशन झालं नाही

सगळ्यात जुनी आणि सगळ्यात महागात जाणारी चूक हीच. नावं मोजू नका, इनिंग (डाव) मोजा. 162 सामने गुणिले प्रत्येकी नऊ इनिंग म्हणजे 1458. परक्या मैदानावर हरताना शेवटचा अर्धा डाव टाकावा लागत नाही, काही सामन्यांत जादा इनिंग होतात, तेव्हा ढोबळमानाने 1440 धरा. हल्ली स्टार्टर सरासरी पाच इनिंगांच्या जेमतेम पुढे जातो. म्हणजे स्टार्टरांकडून 850च्या आसपास हव्यात, बाकीचा भार बुलपेनवर, म्हणजे नंतर बदली म्हणून येणाऱ्या रिलीव्हर पिचरांवर.

आता 2021चे सॅन दिएगो पॅड्रेस बघा. आदल्या हिवाळ्यात त्यांनी यू दार्विश, ब्लेक स्नेल आणि जो मस्ग्रोव्ह हे तिघे सौद्यांत मिळवले. डिनेल्सन लामेट आणि क्रिस पॅडॅक घरात होतेच. कौतुकाला ऊत आला. 2020चा मोसम 60 सामन्यांचा, त्यामुळे त्या वर्षीच्या इनिंग बाजूला ठेवू. त्याआधीचा पूर्ण मोसम 2019चा. त्यात दार्विशच्या 178 इनिंग, मस्ग्रोव्हच्या 170, पॅडॅकच्या 140, स्नेलच्या 107, लामेटच्या 73. बेरीज 668. हव्यात 850. शिवाय लामेट हाताच्या दुखण्यामुळे 2020च्या प्लेऑफला मुकलेला आणि आणखी एक स्टार्टर माइक क्लेव्हिंजर कोपरावरच्या टॉमी जॉन शस्त्रक्रियेमुळे वर्षभर बाहेर, ही काही गुपितं नव्हती. मार्चमध्ये दोन मिनिटं बेरीज केली असती तर भोक दिसलं असतं.

प्रत्यक्षात काय झालं? मस्ग्रोव्ह 181, दार्विश 166, स्नेल 128, पॅडॅक 108, लामेट 47. बेरीज 630. मस्ग्रोव्हने अपेक्षेपेक्षा जास्तच टाकल्या, तरीही दोनशेहून अधिक इनिंग कोणाच्या तरी गळ्यात पडणार होत्या. त्या बुलपेनच्या आणि मिळेल त्याच्या गळ्यात पडल्या. ऑगस्टमध्ये तर शिकागो कब्सनी मोकळं केलेल्या जेक अरिएटाला आणून सामने सुरू करायला लावायची पाळी आली. 10 ऑगस्टला 67-49 (विजय-पराभव) असलेला संघ उरलेल्या 46 सामन्यांत 12-34 खेळला आणि 79-83वर थांबला. बॅटही थंडावल्या होत्या, सगळं खापर पिचिंगवर फोडता येणार नाही. पण सप्टेंबरमध्ये ‘नशीब फुटकं’ म्हणणाऱ्यांनी ती 668ची बेरीज एकदा करून बघावी.

माझी पद्धत साधी आहे. प्रत्येक पिचरपुढे मागच्या तीन मोसमांच्या इनिंग लिहायच्या आणि सरासरी घ्यायची. सर्वोत्तम वर्ष धरायचं नाही, तो मोह सगळ्यांना होतो. तरुण पिचर असेल तर मायनर लीगसकट मागच्या वर्षीच्या एकूण इनिंगांत तीस-चाळीसची भर, त्यापुढे नाही. टॉमी जॉननंतर पिचरला परतायला 12 ते 18 महिने लागतात, आणि परतल्यावर लगेच 180 इनिंग कोणी टाकत नाही. तेव्हा ‘जूनमध्ये आमचा एक्का परत येतोय’ म्हणणाऱ्याच्या हिशेबात मी 60 इनिंग धरतो आणि पुढे सरकतो. त्यानंतर सहाव्या ते नवव्या स्टार्टरची नावं. ती लिहिता आली नाहीत तर लाइनअपकडे वळायचंच नाही.

इथे कोणीतरी 2003च्या सिअ‍ॅटल मरिनर्सचा दाखला देतंच. त्यांनी अख्खा मोसम पाचच स्टार्टरांवर काढला, खरं आहे. इतक्या वर्षांनी अजून तेच एक नाव पुढे येतं, यातच काय ते समजा.

मागच्या वर्षीचे विजय जसेच्या तसे पुढे नेणं

93 विजय मिळवले, वर एक चांगला खेळाडू घेतला, म्हणजे 95. हे गणित नव्हे, आशा आहे. आधी धावा बघा. केलेल्या धावांचा वर्ग भागिले केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांची बेरीज, त्याला 162ने गुणा. एवढं तर मोबाइलवर होतं.

बाल्टिमोर ओरिओल्स, 2012. धावा केल्या 712, दिल्या 705. सूत्र सांगतं 82 विजय. त्यांनी जिंकले 93. मधले अकरा कुठून आले? एका धावेने सुटलेले सामने 29-9, जादा इनिंगांचे 16-2. बुलपेन चांगलं होतंच, त्याचं श्रेय काढून घेत नाही. पण 29-9 हे कसब म्हणून पुढच्या वर्षाच्या खात्यात जमा करणारे तोंडावर पडले. 2013मध्ये धावांचं अंतर उलट सुधारलं, तरी एका धावेच्या सामन्यांत 20-31 आणि एकूण विजय 85. संघ बिघडला नव्हता. आधीचा आकडाच फुगलेला होता.

सूत्र आणि प्रत्यक्ष यांत पाच-सहा विजयांहून जास्त फरक दिसला की मी सूत्राच्या बाजूने झुकतो, आणि मगच हिवाळ्यातल्या सौद्यांची बेरीज-वजाबाकी करतो. वजाबाकी विसरू नका. नवा आलेला सगळ्यांना दिसतो, गेलेल्या सातव्या इनिंगच्या रिलीव्हरची आठवण मे महिन्यात येते.

ऑप्शन न बघता बुलपेन मोजणं

नवशिके इथे हमखास घसरतात, कारण ही माहिती आकडेवारीच्या पानावर समोर दिसत नाही. 40 जणांच्या रोस्टरवरच्या खेळाडूला साधारण तीन मोसम मायनर लीगमध्ये खाली-वर करता येतं; या मुभेला ऑप्शन म्हणतात. एखाद्या मोसमात तो 20 दिवस खाली राहिला की एक ऑप्शन संपला. तिन्ही संपले की खाली पाठवण्यासाठी त्याला वेव्हरवर टाकावं लागतं आणि दुसरा कोणताही संघ त्याला उचलू शकतो. 2022पासून एका मोसमात एका खेळाडूला पाचदाच खाली पाठवता येतं, आणि खाली गेलेला पिचर 15 दिवस परत येऊ शकत नाही. कोणाच्या दुखापतीची बदली असेल तरच सूट.

याचा अर्थ मैदानावर कसा दिसतो? चमूत पिचर जास्तीत जास्त 13. पाच स्टार्टर, आठ रिलीव्हर. समजा आठांपैकी सहा जणांचे ऑप्शन संपलेत. मंगळवारी सामना बारा इनिंगांपर्यंत लांबला, सगळं बुलपेन पिळून निघालं. बुधवारी ताजा हात हवा. आणणार कोणाच्या जागी? उरलेल्या दोघांपैकी एखाद्याला पाठवायचं, आणि नेमका तोच चांगला टाकत असतो. कागदावर आठ जण दणकट दिसणारं बुलपेन जूनपर्यंत लंगडं होतं ते असं. म्हणून प्रत्येक रिलीव्हरच्या नावापुढे ऑप्शनचा आकडा लिहा. निदान तिघे बिनधास्त खाली-वर करता येणारे हवेत.

स्प्रिंग ट्रेनिंगमधली सरासरी

सोडून द्या. सहाव्या इनिंगनंतर समोर डबल-एची (ट्रिपल-एच्याही खालच्या स्तराची) पोरं असतात, ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत चेंडू उडतो, आणि अनुभवी पिचर दुपारभर नवा चेंजअपच (मुद्दाम हळू टाकलेला चेंडू) घासत बसतो. तिथे दोनच गोष्टी बघण्यासारख्या: फास्टबॉलचा वेग (मार्च संपत आला तरी मागच्या वर्षीपेक्षा ताशी दोन मैल कमी असेल तर कान टवकारा) आणि कोण किती दिवसांनी टाकतोय. पाच दिवसांनी येणारा अचानक आठ दिवसांनी आला, तर कुठेतरी दुखतंय.

बाकीच्या, थोडक्यात

कोलोरॅडोच्या कूर्स फील्डवरचे आकडे तसेच्या तसे दुसऱ्या संघात नेऊ नका. ते मैदान समुद्रसपाटीपासून सुमारे 5,200 फुटांवर आहे, तिथल्या विरळ हवेत चेंडू लांब जातो. परक्या मैदानांवरचे आकडे वेगळे काढा. मात्र तेवढ्यावरच निकालही देऊ नका, कारण उंचीवरून खाली उतरल्यावर ब्रेकिंग बॉल वेगळा वळतो आणि तिथल्या बॅटरांना बाहेर त्याचाही त्रास होतो.

‘तो शॉर्टस्टॉपही खेळतो.’ कधी खेळला? मागच्या दोन वर्षांत दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या त्या जागी किती इनिंग उभा होता ते बघा. सहा इनिंग म्हणजे खेळत नाही.

2023च्या आधीची आकडेवारी वाचताना भान ठेवा. त्या वर्षी शिफ्टवर (क्षेत्ररक्षक एका बाजूला जमवण्यावर) बंधन आलं, बेस 15 इंचांवरून 18 इंचांचे झाले, पिच क्लॉक (चेंडू टाकायला ठरावीक वेळ) आलं. तेव्हापासून चोरलेल्या (पिचर चेंडू टाकताना धावून गाठलेल्या) बेसचे आकडे फुगले. जुन्या मापाने नव्या धावपटूला तोलू नका.

दुसरा कॅचर. पहिला कॅचर 110-120 सामने खेळला तरी भरपूर झालं, म्हणजे चाळीसच्या वर सामने दुसऱ्याचे. रोस्टर लिहिताना हे नाव सगळे शेवटी आठवून घालतात. फ्रेमिंगच्या (चेंडू स्ट्राइक वाटावा असा झेलण्याच्या) जोरावर कोणाला मोठं ठरवत असाल तर सांभाळून: 2026पासून बॉल-स्ट्राइकच्या निर्णयाविरुद्ध यंत्राकडे दाद मागता येते, त्यामुळे चोरून मिळवलेल्या काही स्ट्राइक परत जाणार. आणि तिसऱ्या कॅचरचं नाव काय, तो 40 जणांत आहे का, हेही बघा. नसेल तर पहिल्याचं बोट मोडलं त्या दिवशी या तिसऱ्यासाठी आधी कोणालातरी यादीतून काढावं लागेल, किंवा 60 दिवसांच्या इन्जर्ड लिस्टवर (जखमींच्या यादीत) टाकून जागा करावी लागेल.